शुद्ध मराठीत बोललं, की समजावं यंत्र

गोंदिया जिल्ह्यात शुद्ध मराठी बोलणारे दोनच. एक, पश्चिम महाराष्ट्रातून नुकतेच बदलून आलेले साहेब. ते हजर झाल्या दिवसापासून परतीच्या बदलीच्या खटपटीत असतात. दुसरं, फोनवरचं यंत्र. साहेब आपल्याला आपणहून फोन करत नाहीत आणि आपण केला तर उचलत नाहीत. तेव्हा भरदुपारी मोबाइल वाजला आणि पलीकडून 'आपणांस कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे' असं ण आणि ळ यांच्या ठसठशीत उच्चारांसह ऐकू आलं, तर आनंद कशाचा हे ऐकायला थांबू नये. तो माणूस नव्हे.

आमच्या झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. श आणि ष यांनाही फारसं कुणी विचारत नाही. आम्ही पानी पितो, डोरे उघडे ठेवतो आणि तरीही फसतो, ती गोष्ट वेगळी. शहराच्या बाजारात हिंदी चालते, खेड्यांत पोवारी, देवरी-सालेकशाकडे गोंडी आणि छत्तीसगढी, अर्जुनी मोरगावकडे झाडी. १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. इथला माणूस एकाच वाक्यात तीन भाषा फिरून येतो आणि आपण कुठं जाऊन आलो हे त्याच्या लक्षातही येत नाही. दूरच्या कुठल्याशा सर्व्हरमधून बोलणाऱ्या यंत्राला मात्र महाराष्ट्र म्हटलं की सदाशिव पेठच ठाऊक. त्यामुळे नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल नसतं तरी चाललं असतं, बोलीनंच आम्हाला बाहेरच्यांपासून बरंच सांभाळलं आहे.

यंत्राच्या आवाजाची तशी आम्हाला धास्ती नाही. ती सवय रेल्वेनं लावली. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन. एक फाटा बालाघाटकडून जबलपूरला, दुसरा नागभीडकडून बल्लारशाहला. फलाटावरच्या भोंग्यातली बाई वर्षानुवर्षं गाडीच्या उशिराबद्दल खेद व्यक्त करते आहे. माणूस असता तर तिसऱ्या खेदाला त्याचा आवाज पडला असता. ही बाई पहिल्या आणि पन्नासाव्या खेदात काडीचाही फरक करत नाही. खेद न वाटता खेद व्यक्त करता येतो, हे ज्ञान जिल्ह्याला प्रथम रेल्वेकडून मिळालं. सरकारी कचेऱ्यांनी ते पुढे वाढवलं.

टेलिफोनमध्ये यंत्र आलं तेच मुळी माणसावर भरवसा नव्हता म्हणून. अमेरिकेत कॅन्सस सिटीला आल्मन स्ट्राउजर नावाचे गृहस्थ अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा धंदा करत. सांगतात असं, की त्याच धंद्यातल्या दुसऱ्या एकाची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्राउजरसाठी आलेले फोन ती गुपचूप नवऱ्याकडे जोडून द्यायची. मयत यांच्या ओळखीतलं, काम तिच्या घरी. चिडून त्यांनी मधल्या ऑपरेटरलाच हटवणारं स्वयंचलित एक्स्चेंज शोधून काढलं. १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आज त्याच विद्येच्या जोरावर यंत्र दुपारी बारा वाजता आयुर्विमा विकायला फोन करतं. धंदा फारसा बदलला नाही, गिऱ्हाईक थोडं अलीकडे गाठतात एवढंच.

पुढे यंत्र राजकारणात गेलं. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा ध्वनिमुद्रित आवाज लोकांच्या घरच्या फोनवर येऊ लागला. लोकांनी तो आदरानं ऐकला आणि मत स्वतःच्या मनानं दिलं. सरकार गेलं. मतदाराला फोन करण्यापेक्षा त्याचा फोन उचलावा, असा धडा यातून घेता आला असता. पक्षांनी घेतलेला धडा असा, की फोन कमी पडले. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत उमेदवार यंत्रातून 'नमस्कार, मी तुमच्या हक्काचा' म्हणत येतो. निवडून आल्यावर आपण 'साहेब, खरेदी केंद्रावर बारदाना नाही' म्हणून फोन करावा, तर स्वीय सहायक उचलतो आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, तुमचा विषय नोंदवून घेतला आहे' हे एकाच सुरात सांगतो. निवडणुकीआधी यंत्र माणसासारखं बोलतं, निवडणुकीनंतर माणूस यंत्रासारखा.

मग करोना आला. मार्च २०२० पासून फोन लावला की आधी एक अनोळखी माणूस खोकायचा. मयताची खबर द्यायची असो की वराकडच्यांना होकार कळवायचा असो, खोकला पहिला. तो गेला, लसीची बाई आली. ती गेली, तर सायबर भामट्यांपासून सावध राहायला सांगणारे अमिताभ बच्चन आले. अनोळखी फोनला भुलू नका, हे आम्हाला एक यंत्रच आमच्या प्रत्येक फोनच्या आधी सांगत होतं. जून २०२५ मध्ये ते थांबलं. तोवर लोक फोन लावून तो कानापासून वीतभर लांब धरायला शिकले होते.

तर ओळखायचं कसं? शहाण्यांनी तांत्रिक खुणा पुष्कळ सांगितल्या आहेत. आम्ही आमच्या बांधीतल्या सांगतो.

पहिली खूण गप्प बसण्याची. आपण 'हॅलो' म्हटल्यावर पलीकडे क्षण-दोन क्षण काहीच नसतं. यंत्र एकाच वेळी ढिगानं नंबर फिरवत असतं. कुठून माणसाचा आवाज आला की मग ते आपली पट्टी लावतं, नाहीतर मोकळ्या बसलेल्या एखाद्या पोराकडे जोडून देतं. आपल्या माणसाला फोनवर असं गप्प राहताच येत नाही. सालेकशाच्या टेकाडावर रेंज धरून उभा असलेला मामा तर आपण उचलायच्या आधीच बोलायला लागलेला असतो, आणि एवढ्या जोरात की मधे फोन नसता तरी भागलं असतं. शांतता ऐकू आली की मामा नाही, हे नक्की.

दुसरी खूण मधेच तोडण्याची. पलीकडून व्याजाचा दर सुरू झाला की मधेच विचारावं, 'रोवनी झाली का गा?' माणूस असेल तर कर्ज बाजूला राहील. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, झाली असेल तर मजुरीचा भाव सांगेल, नसेल तर पावसाचा उद्धार करेल. जुनं यंत्र असेल तर न थांबता 'शून्य प्रोसेसिंग फी' पर्यंत जाईल. कृत्रिम बुद्धिमत्तेचं नवं यंत्र मात्र हुशार. ते थांबतं आणि नम्रपणे म्हणतं, 'क्षमस्व, मला आपला प्रश्न समजला नाही.' इथंच ते सापडतं. न समजलेल्या प्रश्नाला 'समजला नाही' असं उत्तर आमच्या जिल्ह्यात आजवर कुणीही दिलेलं नाही.

तिसरी खूण घाईची. 'आपला मोबाइल क्रमांक दोन तासांत बंद करण्यात येत आहे. अधिक माहितीसाठी ९ दाबा.' हा फोन ट्रायच्या, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नावानं येतो. आपण कुणाचा नंबर बंद करत नाही आणि असे फोनही करत नाही, हे खऱ्या ट्रायनं वेळोवेळी जाहीर केलं आहे. खरी ट्राय कधी फोन करत नाही, खोटी रोज करते. लोकांशी जास्त संपर्क कुणाचा, हे उघड आहे. पण ट्रायचं पत्रक वाचायचीही गरज नव्हती. धान विकून चुकाऱ्याची, म्हणजे त्याच्या पैशाची, वाट पाहिलेल्या माणसाला एक साधा नियम पाठ असायला हवा: दोन तासांत काम होईल असं जो सांगतो, तो सरकारी असूच शकत नाही.

ज्यांनी ९ दाबला, त्यांचं पुढं काय होतं हे वर्तमानपत्रांत येतच असतं. यंत्र बाजूला होतं आणि खाकी कपड्यातला एक इसम व्हिडिओ कॉलवर येतो. तुमच्या नावाचं पार्सल सापडलं, आत अमली पदार्थ निघाले, खोलीचं दार लावा, कुणाशी बोलू नका, तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' झाली आहे. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांना सांगावं लागलं, की असली अटक कायद्यात कुठंच नाही. तरी शिकली-सवरलेली, निवृत्तिवेतन घेणारी माणसं दार लावून बसतात. खऱ्या ठाण्यात साधी सायकलचोरी नोंदवायला गेलं की 'उद्या या' ऐकू येतं. इथं सगळी यंत्रणा घरबसल्या आपली दखल घेते आहे, याचंच बिचाऱ्यांना अप्रूप वाटत असावं.

चौथी खूण मुद्द्याची. आपल्याकडचा माणूस फोनवर थेट कामाचं कधीच बोलत नाही. 'ओरखलास का?' पासून सुरुवात होते, मग जेवण, मग तब्येत, मग कुणाच्या तरी पोरीचं लग्न, आणि ठेवता ठेवता 'बरं, पाच हजार पाहिजे होते.' यंत्र पहिल्याच वाक्यात पैशावर येतं. जो नमस्कारानंतर लगेच मुद्द्यावर येतो, त्याच्यात काहीतरी खोट आहे, हे आमच्या वाडवडलांना टेलिफोन नसतानाही कळत होतं.

नंबरावरूनही काही कळतं. जाहिरातीचे फोन १४० नं सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत आणि बँका, विमा, सरकारी खाती यांचे कामाचे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरांवरून, अशी व्यवस्था आहे. सनदशीर त्रासाला त्यामुळे स्वतःची मालिका मिळाली. बेकायदा त्रास मात्र तुमच्या-आमच्यासारख्या साध्या दहा आकडी नंबरावरूनच येतो. चोरानं छातीवर बिल्ला लावून फिरावं हा नियम उत्तम आहे, चोरांनी तो अजून मनावर घेतलेला नाही.

आता ओळखलं, पुढे? पुढचा उपाय फार अवघड आहे, कारण त्यात काहीच करायचं नसतं. '१ दाबा' म्हटलं तरी दाबायचं नाही आणि 'पुन्हा फोन नको असल्यास २ दाबा' म्हटलं तरी दाबायचं नाही. दाबलं, की इथं जिवंत माणूस आहे आणि तो सांगितलेलं ऐकतो, एवढं पलीकडे कळतं. मग हाच नंबर पुन्हा पुन्हा फिरतो. कुरिअरवाला म्हणवणारा कुणी *४०१ पासून सुरू होणारा आकडा फिरवायला सांगत असेल, तर तो पार्सल देत नसतो, तुमचे येणारे फोन स्वतःकडे वळवून घेत असतो. फिरवून बसला असाल तर ##००२# फिरवा, वळवलेले सगळे फोन परत घरी येतात. आणि ओटीपी बायकोलाही सांगू नये. ती विचारणार नाही, तिला तो आधीच माहीत असतो.

तक्रार करायची असेल तर १९०९. पण तिचाही रिवाज आहे. संदेशात आधी फोन कशाबद्दल होता ते लिहायचं, मग स्वल्पविराम, मग ज्या नंबरावरून आला तो नंबर, पुन्हा स्वल्पविराम, मग तिरप्या रेघा देऊन तारीख. यंत्राविरुद्ध गाऱ्हाणं घालायचं तर माणसानं आधी यंत्रासारखं लिहायला शिकावं, अशी ही सोय. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं नियम सुधारले: तक्रारीसाठी तीन दिवसांऐवजी सात दिवस मिळाले, कारवाईसाठी कंपनीला तीस दिवसांऐवजी पाच, आणि तक्रारींचे आकडे चुकीचे दाखवणाऱ्या कंपनीला दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत दंड. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तरच नंबरवाल्यावर कारवाई होई. आता दहा दिवसांत पाच पुरतात. आमच्या ग्रामसभेत दहा दिवसांत पाच माणसांचं एकमत होत नाही हे खरं. पण चहाच्या टपरीवर पाच माणसं सकाळपासून बसलेली असतातच, आणि सगळ्यांना तोच फोन आलेला असतो. सरकार पाडायच्या चर्चेतून त्यांनी पाच मिनिटं काढली, तर एक नंबर तरी पडेल.

फसवणुकीचा नुसता प्रयत्न झाला असेल, तर मार्च २०२४ पासून 'संचार साथी'वर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथं कळवावं. पैसे गेलेच असतील तर १९३०. इथं थट्टा नाही: लाज बाजूला ठेवून त्याच घटकेला १९३० लावावा, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो आणि जेवढ्या लवकर कळवाल तेवढा तो वाटेत अडवला जाण्याचा संभव जास्त. गावात नाचक्की होईल म्हणून चार दिवस गप्प बसणं ही भामट्याला दिलेली सगळ्यात मोठी सवलत.

इंग्लंडातल्या ओ-टू या कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये निराळाच तोडगा काढला. तिनं 'डेझी' नावाची एक यांत्रिक आजी तयार केली. भामट्याचा फोन आला की ही आजी त्याला विणकाम आणि मांजराच्या गप्पांत गुंतवून ठेवते. तेवढा वेळ दुसरा कुणी फसत नाही. आम्हाला या शोधाचं कौतुक वाटलं, पण नवल वाटलं नाही. हा माल आमच्याकडे घरोघरी आहे आणि त्याला चार्जिंगही लागत नाही. तिरोड्याकडच्या कुठल्याही ओसरीवर ऐकू येईल असा हा संवाद:

'मॅडम, आपल्याला पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज मंजूर झालं आहे.'

'कोन होय गा? मंगलाचा पोरगा का?'

'नाही मॅडम, मी फायनान्स कंपनीतून बोलतोय.'

'लागला का कंपनीत? बरा झाला. माय कशी हाय?'

'मॅडम, आपलं पॅन कार्ड…'

'पान नाई खात बाप्पा. तंबाखू हाय, पायजे का?'

'मॅडम, आपलं महिन्याचं उत्पन्न किती?'

'चुकारे आले का, मंग सांगीन. तू कंपनीत हायेस त विचार ना साहेबाले, आमचे चुकारे कवा येतेत?'

फोन त्यानं ठेवला. अशा आज्यांच्या हाती मोबाइल देऊन त्यांना नुसतं ओसरीवर बसवलं, तर देशातला निम्मा सायबर गुन्हा वैतागून शेतीकडे वळेल. मग शेती म्हणजे काय हेही त्याला कळेल.

पण हा विनोद फार दिवस पुरणार नाही. यंत्र आवाज शिकलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या आवाजात फोन गेले, की प्राथमिक निवडणुकीत मत देऊ नका. आवाज नकली होता. पुढच्याच महिन्यात तिथल्या दूरसंचार आयोगानं असे नकली आवाजाचे फोन बेकायदा ठरवले आणि पुढे काही महिन्यांनी ते करवून घेणाऱ्याला साठ लाख डॉलरचा दंड ठोठावला. आवाज जमला, आता बोली किती लांब? ज्या दिवशी यंत्र ण चा न करायला आणि वाक्याच्या शेवटी 'गा' लावायला शिकेल, त्या दिवशी आमची संरक्षक भिंत पडली.

बोली यंत्राला शिकवता येत नाही असं मुळीच नाही. आमच्या शेजारच्या छत्तीसगढात २०१० मध्ये शुभ्रांशु चौधरी या पत्रकारानं 'सीजीनेट स्वर' सुरू केलं. मिस्ड कॉल द्यायचा, यंत्र उलट फोन करतं, आकडा दाबून आपलं म्हणणं गोंडीत सांगायचं: हातपंप बिघडला, मजुरी अडकली, मास्तर येत नाही. तपासून झालं की ते बाकीच्यांना ऐकू येतं आणि कुणीतरी संबंधित साहेबाला फोन लावून पिच्छा पुरवतं. तेही यंत्रच होतं, 'आकडा दाबा' म्हणणारंच. फरक एवढाच, की आकडा दाबल्यावर ते गप्प बसून ऐकत होतं. २०११ च्या जनगणनेत जवळपास ३० लाख लोकांनी आपली मातृभाषा गोंडी सांगितली. आठव्या अनुसूचीत ती अजून नाही. केंद्राच्या आदिवासी खात्याचं 'आदिवाणी' नावाचं भाषांतराचं ॲप २०२५ मध्ये आलं, त्यात गोंडी आहे, हे चांगलं झालं. झाडी आणि पोवारीच्या वाट्याला काय? हेल्पलाइनवर मराठीसाठी एक आकडा आहे, हिंदीसाठी एक आहे, इंग्रजीसाठी आहेच. ज्या बाईचे चुकारे अडकले आहेत, तिच्या बोलीला आकडा नाही. तिनं आधी शुद्ध व्हावं, मग तक्रार करावी.

या भागात बाहेरून आलेल्यांपैकी बोली कोण शिकलं, ते एकदा आठवून पाहावं. सावकार शिकला. तेंदूपत्त्याचा ठेकेदार शिकला. मोहफुलं मापून घेणारा व्यापारी शिकला. ज्याला आमच्याकडून काही न्यायचं होतं, तो प्रत्येक जण आमच्या भाषेत बोलला. ज्याला आम्हाला काही द्यायचं होतं, त्यानं अर्ज त्याच्या भाषेत मागितला. यंत्राच्या बाबतीत वेगळं घडेल असं मानायला जागा नाही. झाडीत बोलणारं पहिलं यंत्र कर्ज विकायला नाहीतर खातं साफ करायला फोन करेल. ते रोवणीची चौकशी करेल, पावसाला शिव्या देईल, मायची तब्येत विचारेल आणि मग अगदी आपल्या माणसासारखं म्हणेल, 'तेवढा एक नंबर आला असन पाय बरं, सांग मले.'

तेव्हासाठी नवी खूण आत्ताच सांगून ठेवतो. बोली कुणाचीही असो, आवाज सख्ख्या मामाचा असो, पैशाचा किंवा आकड्याचा विषय निघाला की फोन ठेवायचा आणि मामाचा जो नंबर आपल्याकडे आधीपासून आहे, त्यावर आपण लावायचा. खरा मामा असेल तर रागावेल. रागावू द्या, यंत्राला अजून रागावणं परवडत नाही.

राहता राहिला प्रश्न, झाडीबोली आधी कोण शिकतं, हेल्पलाइन की भामटा. आमच्या चौकात यावर पैजा लागल्या आहेत. भामट्यावर लावणारे पुष्कळ मिळाले. हेल्पलाइनवर लावणारा एकही मिळेना, म्हणून पैज तूर्त स्थगित ठेवण्यात आली आहे. असुविधेबद्दल खेद आहे.